रेषेची उसळी

देलियाचं बाळ सव्विसाव्या आठवड्यातच जन्मलं, जेमतेम ओंजळीत मावेल एवढं. नवरा बोटीवर, दूर समुद्रात. पहिले तीन दिवस ती फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या इस्पितळात काचेच्या दारापर्यंत यायची आणि तिथूनच मागे फिरायची. चौथ्या दिवशी थोराड नर्स पुरिंगने तिला दंडाला धरून आत नेलं. पुरिंगला सगळा वॉर्ड मनांग म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण.

बाळ उबेच्या काचपेटीत होतं, डोक्याला बारीक तारा लावल्या होत्या. पडद्यावर मेंदूची रेषा सपाट चालली होती.

"बोल त्याच्याशी," मनांग म्हणाली.

"काय बोलू, मनांग?"

तेवढ्यात रेषेने उसळी घेतली.

"बघ! ओळखलं की आईला लबाडाने!"

त्या दिवसापासून देलिया रोज दोन तास बोलत राहिली. बाजारातली मासळी, शेजारणींची भांडणं, बापाचं घोरणं. घसा बसला तरी थांबली नाही. नवऱ्याला फोनवर सांगायची, "आज अकरा वेळा ओ दिली त्याने मला."

तीन आठवड्यांनी डॉक्टर विलारुझ शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आल्या. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "या उसळ्यांना बाहेरचं कारण लागत नाही. कानाची वाट अजून मेंदूपर्यंत नीट पोचलेली नाही. मेंदूतल्या पेशी आपल्या आपणच चेततात आणि त्यातूनच एकमेकींशी जोडल्या जातात. जवळ कुणी नसतानाही एवढ्याच उसळ्या येतात."

देलियाने मनांगकडे पाहिलं. मनांग सलाईनच्या नळीशी उगाच चाळा करत होती.

सगळे पांगल्यावर देलियाने विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"अगं, तू दारातून परत जात होतीस. काय करणार होते मी?"

"आत ये म्हणायचं. आले असते मी. खुळ्यासारखी बडबडायला लावलीस मला. माझ्या नवऱ्याने अख्ख्या बोटीला सांगितलंय ते."

"तुझं बोलणं वाया नाही गेलं गं..."

"आता आणखी खोटं नको."

देलिया येत राहिली, पण पेटीत हात घालून गप्प बसायची. नवरा फोनवर विचारायचा, "आज किती वेळा?" ती म्हणायची, "नऊ." मग बराच वेळ फोन हातात धरून बसायची.

बाळ घरी निघालं त्या सकाळी पुरिंग लोकरीची टोपी घेऊन जिन्यापर्यंत आली. देलियाने टोपी घेतली. "आभारी आहे, नर्स," म्हणाली आणि बाळाला छातीशी धरून रिक्षात बसली.