गोमतीचा टाक

"हे घ्या, चांदी घरचीच हाये," म्हणत इंझोरीच्या धुरपताबाईनं रुमालाची गाठ सोडली आणि माझ्यासमोर पाटावर चार जोडवी टाकली.

मी एक उचललं आणि लगेच खाली ठेवलं. जोडवी मीच घडवलेली होती. कामरगावात हातानं घडवणारा माझ्याशिवाय दुसरा सोनार आता उरलेला नाही, त्यामुळे माझं काम मला लगेच ओळखू येतं. दोन जोडव्यांना पक्कडीचा काप होता आणि आतल्या बाजूनं हळद नि मळ वाळून बसला होता. ही त्यांच्या थोरल्या सुनेची, गोमतीची. मागच्या साली ती मेली तेव्हा सुजलेल्या बोटांतून निघेनात म्हणून कापून काढली होती. वर्षभर डब्यात पडून होती, पण तो मळ कुणी धुतला नाही. मला शिसारी आली.

"धुऊन तरी आनाची व्हती, वयनी."

"आगीत जाईन ना सारं! तुमाले काय करायचं? टाक लहानच करा, अन् उरली चांदी वापस द्या."

काम सवतीच्या टाकाचं होतं. आमच्याकडे पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा चेहरा उठवलेला चांदीचा टाक गळ्यात बांधायचा, म्हणजे मेलेली घरावर राग धरत नाही. धुरपताबाईच्या पोरानं, करणनं, सहा महिन्यांत दुसरी केली, तेव्हा टाकाची कुणाला आठवण झाली नाही. यंदा म्हैस मेली, सोयाबीन उभ्या वावरात पिवळं पडलं, तेव्हा भगताकडे पळाले. भगत म्हणाला, पहिलीचं मन शांत नाही. मग आठवण झाली.

ही दुसरी म्हणजे निता. वीस-बावीसची पोर, सासूच्या मागे उंबऱ्याला टेकून बसली होती. करण बाहेर ओट्यावर मोबाइलमध्ये पाहून दात काढत होता.

"फोटो हाये का गोमतीचा?" मी विचारलं.

"फोटो कायचा? नव्या सोयऱ्याईले दिसू नये म्हून यानं सारे पुसून टाकले. हे घ्या." तिनं आधार कार्डाची झेरॉक्स पुढे केली. त्यात चेहरा कुठला, नुसता काळा डाग. "बाईसारखी बाई काढा. नाक, डोये, झालं."

"बाईसारखी बाई नाही," निता पहिल्यांदाच बोलली. "माह्या गळ्यात राह्यन ना ते? मंग मले तीच पाह्यजे. काका, तुमी पाह्यली व्हती तिले?"

"पाह्यली व्हती."

"तिचा कान फाटेल व्हता म्हन्तेत."

"कोन म्हन्ते?" धुरपताबाई गर्रकन वळली.

"सारं गाव म्हन्ते. फक्त मलेच मालूम नव्हतं."

मी घाईनं म्हणालो, "डोक्यावरून पदर काढतो. कान झाकून जाईन." खरं तर टाकात कान काढणं काही अवघड नसतं. मी भ्यालो होतो.

"पदर नोका काढू," निता म्हणाली. "कोनता कान व्हता, काका?"

चार वर्षांमागे गोमती याच उंबऱ्यावर बसली होती, कानावर पदर दाबून. हातात बाळी. दारात अडकली म्हणाली. मागे करण उभा होता. बाळी कडीत अडकली तर पिळते. हिचा आकडा सरळ झाला होता, आणि तो मुठीत धरून ओढल्याशिवाय तसा होत नाही. चाळीस वर्षं हेच काम केलं, मला कळलं नसेल? मी आकडा वाकवून दिला आणि वरून तिला म्हणालो, आता उजव्यात घाल. आठवलं की माझीच मला किळस येते.

"डावा," मी म्हणालो.

"दारात अडकली व्हती ते!" धुरपताबाई ओरडली.

"नाही वयनी. मुठीत धरून वढली व्हती. बाळी माह्याच हाती आली व्हती."

करण आत आला. "काय चाल्लं बे म्हाताऱ्या? टाक कराचा तं कर, नाही तं दुसरीकडं जातो."

नितानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुमीच पाहा. धड कान लावला, अन् ती म्हने का हे मी नव्हंच, तं? मंग पुन्हा भगताकडं जाचं का?"

धुरपताबाईचं तोंड एवढंसं झालं. गोमती रक्तानं भिजलेल्या पदरानं त्याच घरात भाकरी थापत होती, तेव्हा या बाईला काही वाटलं नव्हतं. आता ती मेल्यावर तिच्या रागाची भीती वाटत होती.

"तू गप राय, करण," ती म्हणाली. "जसा व्हता तसा करा, खेमाभाऊ."

जोडवी मी तीन पाण्यांनी धुतली, मगच वितळवली. चांदी उरवली नाही, सगळी टाकात घातली. राळेच्या मऊ थरावर चांदीचा पत्रा ठोकून नाक उठवलं, हनुवटीवरचं गोंदण उठवलं. डाव्या कानाची पाळी बारीक छिन्नीनं खालपर्यंत चिरली.

आठ दिवसांनी तिघं आले. नितानं टाक काळ्या दोऱ्यात ओवला आणि पोलक्यावर, उघडा बांधला.

"आत घाल ना," करण म्हणाला.

ती सरळ माझ्या दुकानासमोरच्या जीपच्या थांब्यावर गेली. बाजाराचा दिवस होता, बाया दाटीनं उभ्या होत्या. त्यांच्याच गावची नानीबाई वाकून पाहायला लागली. "अवं, गोमतीच हाये की हे! अन् हा कान असा काहून?"

"मले काय मालूम, माय. यायले इचारा," निता म्हणाली.

सगळ्या करणकडे वळल्या. तो कसनुसा हसला. "सोनारानं बिघडोला."

मी दुकानातून उठलो, चप्पल न घालता रस्त्यावर आलो.

"चांदीतला म्या कापला, करण," मी म्हणालो. "तिचा तुनं."

जीप आली तेव्हा बायांनी सरकून निताला मधात बसवलं. धुरपताबाई कशीबशी कोपऱ्यात शिरली. करणला कुणी जागा दिली नाही, तो मागं लटकून गेला.