शेंदराखालच्या रेघा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि मी देव नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर कुणी ऐकून घेत नाही. काशीत नदीकाठी एखादा दगड सरळ उभा दिसला, की लोकांचे हात आपोआप जोडले जातात. मी तरी काय करू? माझं कामच उभं राहण्याचं आहे!

माझा जन्म चुनारच्या खाणीतला. तिथून मला नावेत घालून रामनगरवरून इकडे आणलं. एका पाथरवटानं माझ्या अंगावर खालपासून वरपर्यंत रेघा कोरल्या, आणि शहराची गटारं बघणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या हुकमानं मला बालाजी घाटाशेजारच्या नाल्याच्या तोंडाशी पुरलं. पाणी कोणत्या रेघेपर्यंत चढतं ते बघायचं, आणि त्यावरून नाला गंगेत किती घाण ओततो ते ठरवायचं. हा नाला आंघोळीच्या पायऱ्यांच्या वरच्या अंगालाच गंगेत पडायचा. खाली लोक डुबक्या मारायचे आणि तेच पाणी कळशीत भरून घरी न्यायचे. साहेबाला मोठा नळ घालून नाल्याचं तोंड पायऱ्यांच्या पलीकडे न्यायचं होतं. तो नळ केवढा रुंद हवा, ते माझ्या रेघा सांगणार होत्या.

रेघा वाचायला यायचे साहेबाचे कारकून, दिनानाथबाबू. माणूस सज्जन, पण पावसाला असा भ्यायचा की विचारू नका! लख्ख ऊन पडलं की हे हजर. उन्हात नाल्यात असतं काय? धुण्याभांड्यांचं पाणी, तेही माझ्या तळाशी. आणि जोराची सर कोसळली की गल्ल्यागल्ल्यांतलं शेण, निर्माल्य, मोऱ्यांची घाण असं सगळं धडधडत यायचं आणि माझ्या गळ्याला लागायचं. तेव्हा बाबू कुठे? घरी, पकोडे खात! "बारिश में नाप बिगड़ जाती है," म्हणायचे. अहो, नाल्याचं खरं रूप पावसातच दिसतं ना!

एकदा आले मात्र पावसाळ्यात. कधी? तर गंगेला पूर आला तेव्हा! नदीचंच पाणी उलटं नाल्यात शिरलेलं आणि मी डोक्यापर्यंत बुडालेला. बाबूंनी नावेतून पाहिलं आणि गंगेची उंची नाल्याच्या नावावर मांडून मोकळे झाले. साहेब हसला, आणि यापुढे पावसाळ्यातलं माप धरायचंच नाही असं त्यानं ठरवून टाकलं. मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला हात कुठले!

त्यात अन्नपूर्णाबाईंची भर पडली. या रामघाटावर राहायच्या. त्यांचे यजमान नीलकंठशास्त्री घरीच वेदपाठशाळा चालवायचे. बाई रोज स्नान करून माझ्या शेजारून भरली कळशी घेऊन जायच्या. एका श्रावणात त्यांच्या नातीला, लीलाला, उलट्या-जुलाब सुरू झाले. पोर पार सुकून गेली. बाई रडत घाटावर आल्या, आणि समोर दिसलो मी! "देवा, माझी लीला वाचू दे. तुला शेंदूर लावीन."

वैद्यांच्या औषधानं लीला वाचली आणि श्रेय मिळालं मला. बाईंनी तेलात शेंदूर कालवून मला वरपासून खालपर्यंत माखलं. मग दर शनिवारी नवा थर. त्यांचं बघून शेजारणीही लावू लागल्या. माझ्या रेघा गडप झाल्या. अहो बाई, ज्या पाण्यानं पोर मरायला टेकली होती, तेच मोजणाऱ्या रेघा तुम्ही बुजवल्यात की हो! मला इतका राग यायचा, आणि बाई इतक्या मायेनं शेंदूर लावायच्या, की रडावं की ओरडावं तेच कळेना.

पुढे नवा साहेब आला. त्यानं बाबूंना बजावलं, "पाऊस कोसळत असताना आणि गंगा खाली असताना माप आणा. नाहीतर जुन्या मापानं अरुंद नळ बसेल."

आषाढातल्या एका सकाळी बाबू छत्री धरून धावत आले. सर जोरात होती, गंगा अजून खाली होती. बाई लीलाला घेऊन शेजारच्या ओवरीत पाऊस थांबायची वाट बघत होत्या.

"अरे राम! ये तो देवता हो गये!" बाबू ओरडले. "रेखाएँ कहाँ गईं?"

"कैसी रेखाएँ, बाबू?" बाईंनी विचारलं.

बाबूंनी सगळं सांगितलं. नळ अरुंद बसला, तर पावसात नाला तुंबून घाण पुन्हा पायऱ्यांवरच येणार होती.

"मग खरवडा की! खुरच डालो!"

"हम कैसे खुरचें, माताजी? पाप लगेगा."

बाईंनी हातातल्या कळशीकडे पाहिलं. लीलाकडे पाहिलं. कळशी तिथेच ओतून टाकली आणि घराकडे पळाल्या. परत आल्या त्या हातात उलथनं घेऊन, आणि मागे नीलकंठशास्त्री.

"अगं, देवाला उलथनं लावतेस?"

"याची प्राणप्रतिष्ठा केलीय का कुणी?"

"नाही, पण..."

"मग हात धरा माझा. देव असेल तर समजून घेईल, आणि दगड असेल तर प्रश्नच मिटला."

एरवी नाल्याजवळून जाताना नाक दाबणाऱ्या त्या सोवळ्यातल्या बाई! काठावर बसल्या, वाकल्या. शास्त्रीबुवांनी त्यांचा हात घट्ट धरला. घाण लुगड्यावर उडत होती आणि त्या मला खरवडत होत्या. थोड्या वेळानं शेंदराचं ते जाड कवच एकदम निसटून वाहून गेलं. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू!

"देखो बाबू, जल्दी!"

पाणी वरच्या रेघांशी खेळत होतं. "इतना पानी?" बाबूंचे डोळेच विस्फारले. होय बाबू, इतकंच! दर पावसाळ्यात इतकंच असतं!

रुंद नळ बसला. घाण पायऱ्यांच्या पलीकडे गेली. बाई मात्र शेंदूर घेऊन अजून येतात. हट्टी बाई! पण आता एकच बोट लावतात, माझ्या डोक्यावर, सगळ्यांत वरच्या रेघेच्याही वर. बोट जरा खाली घसरलं की लीला ओरडते, "आजी, रेघ!"

दिनानाथबाबू आता घरी बसले. त्यांच्या जागी नवा बाबू आला आहे. माणूस सज्जन आहे. लख्ख ऊन पडलं की येतो.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखाद्या नाल्यात माझा एखादा भाऊ उभा असेल. त्याला हात जोडू नका. छत्री घ्या, आणि पाऊस पडत असताना त्याच्याकडे बघायला या.