उद्या देते

रोह्याजवळच्या अष्टमी गावात दारोदार फिरून पुतळी रद्दी, बाटल्या, डबे विकत घ्यायची आणि त्याच फेरीत घरातला ओला कचराही फुकट उचलायची. पेणच्या बाजारात प्लास्टिकचे दर पडले, तसा रोह्याच्या भंगारवाल्याने भाव निम्म्यावर आणला. हातगाडीही त्याचीच, भाड्याची. आता कचऱ्याचे घरटी पाच रुपये महिना मिळाले तरच गाडी पुतळीकडे राहणार होती.

मागायची मात्र तिला लाज. इतकी वर्षं ज्यांच्या हातावर पैसे ठेवले, त्यांच्यापुढेच हात कसा पसरायचा? शेवटी धीर करून तिने आळीत विषय काढलाच.

"आमचाच कचरा, आणि पैसेही आम्हीच द्यायचे?" आळीत नव्याने राहायला आलेली सुरभी फणकारली.

तिला गप्प केलं हन्नामावशीने. मावशी आळीतली शेवटची बेने इस्रायली ज्यू. लेकरं, भावंडं सगळी इस्रायलला गेलेली. "रद्दीला दाम हाय, सालपटांना नाय. मग ती घाण तिनं फुकट का म्हून उचलायची?" मावशीच्या शब्दाला वजन होतं. ठरलं, पहिल्या तारखेला आधी मावशी देईल, मग बाकीच्या.

पहिली तारीख नेमकी शनिवारी आली. पुतळीच्या डोक्यात गाडीशिवाय काही नव्हतं. तिने थेट मावशीचं दार गाठलं. बायका ओट्यांवर येऊन बघत होत्या. मावशीचा चेहरा कसनुसा झाला. शनिवार म्हणजे तिचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र वार; त्या दिवशी ती पैशाला शिवत नसे.

"आज नाय गो पुतळे. उद्या देते."

दारात आलेल्याला वाटेला लावायचं तर आपण सगळे हेच म्हणतो. सुरभी हसली, "बघा, ठरवणारीच टाळते!"

"अवो, त्यांचा शनवार हाय!" पुतळी जीव तोडून सांगत राहिली. दारं लागली. जुन्या बायकांना तो शनिवार ठाऊक नव्हता थोडाच! त्यांना निमित्त हवं होतं, दुसरं काय.

रविवारी मावशी पैसे मुठीत धरून घरोघर फिरली. तोवर बायकांनी खांब गावचा टेम्पोवाला ठरवला होता. तो रद्दीला जास्त देणार होता. ओलं नदीत टाकू म्हणाल्या.

"माझ्यापायी गेलं गो तुझं," मावशी पुतळीपाशी येऊन रडली.

"तुमच्यापायी नाय, मावशी." पुतळीने पैसे घेतले नाहीत. "पन एका घरावर गाडी चालत नाय."

गाडी धुऊन ती परत करायला निघाली. सुरभी बादली घेऊन धावत आली. "टेम्पो मंगळवारी येणार आहे. तोवर एवढं ने," म्हणत तिने सगळं गाडीत ओतलंदेखील.

रोह्याला जाताना नदीच्या पुलावरून ते लोटून देता आलं असतं. पुतळीचा हात धजला नाही. पलीकडे नेऊन तिने खड्डा केला, सालपटं मातीआड केली आणि तिथेच बसून पोटभर रडली.