साडेसहा तासांचं आकाश

फॉर्मवर अकरा तास लिहिले होते, आणि त्या अकरा तासांनीच सासूबाईंची वाट अडवली.

"आजी, नियमच आहे," विमान कंपनीच्या ऑफिसातल्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "ऑक्सिजनचं यंत्र विमानात न्यायचं तर उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या हव्यात. अकराचे साडेसोळा होतात. तुमच्या तिन्ही मिळून साडेदहा तास."

सासूबाईंनी नाकातली नळी सारखी केली. दुसऱ्या देशातल्या धाकट्या बहिणीला त्यांनी एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं. धाकटीचे गुडघे गेलेले, तिला येणं शक्य नव्हतं. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, जायचं तर याच महिन्यात. पुढे विमानाचं नाव काढायचं नाही.

"आणखी बॅटऱ्या मागवल्या तर?" सूनबाईने विचारलं.

"यायला दीड महिना लागतो," नवरा म्हणाला. शाळेत गणित शिकवणारा माणूस. फॉर्मही त्यानेच भरलेला. "विमान सकाळी नऊला सुटतं, रात्री आठला पोचतं. सरळ वजाबाकी आहे. अंतरच एवढं, त्याला कोण काय करणार?"

सूनबाईचा आवाज घरात कधी पलीकडच्या खोलीपर्यंत गेला नव्हता. पण ते आठ तिला खटकले. रोज संध्याकाळी सहाला परदेशातल्या मावशींना फोन लावून द्यायचं काम तिचंच. मावशी जांभई देत म्हणायच्या, "अगं, साडेदहा वाजले इथे, झोपू द्या की म्हातारीला!"

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे आठ कुणाच्या घड्याळातले?"

"म्हणजे?"

"पोचायची वेळ तिथली लिहितात ना? आपले सहा ते मावशींचे साडेदहा. मग त्यांचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेतीनच की."

मास्तरांनी चक्क बोटांवर मोजायला घेतलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"फॉर्मवरचं मी तसंच धरलं होतं, थांबा," म्हणत बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं. "अंतर चार हजार आठशे किलोमीटर. उड्डाण साडेसहा तास. दीडपट म्हणजे..."

"पावणेदहा," मास्तर पुटपुटले.

"आणि आपल्याकडे साडेदहा!" सूनबाई एवढ्या मोठ्याने म्हणाली की रांगेतली माणसं वळून बघू लागली. मग तीच लाजली.

फॉर्मवर धाडकन शिक्का बसला.

"जगाच्या पोरांना गणितं शिकवतोस," सासूबाई लेकाला म्हणाल्या, "आणि जन्मदात्या आईला साडेचार तास उगाच हवेत लटकवत होतास!"

"चुकलं, आई."

"चुकू दे. देव दयाळू आहे, एकाला विसरभोळं केलं की शेजारी शहाणं माणूस बसवतो."

पुढच्या सोमवारी सासू-सुना उडाल्या. ढगांच्या वर सूनबाईने बॅटरी बदलली, देवाचं नाव घेतलं, आणि यंत्राचा हिरवा दिवा पुन्हा लागलेला पाहून सासूबाईंना खिडकीकडे सरकवलं.

विमानतळाच्या दाराशी धाकटी चाकाच्या खुर्चीत बसली होती.

"केवढी वाळलीस गं ताई!"

"आणि तू? माझ्या वाटणीचंही तूच खाल्लंस वाटतं!"

दोघींनी एकमेकींना मिठी मारली. नळी आखूड होती, त्यामुळे यंत्र धरलेल्या सूनबाईलाही वाकून त्या मिठीत शिरावं लागलं. कुणीच लवकर सोडायला तयार नव्हतं.