शेख दाहींचा मुलगा काय शिकला

इजिप्तमधल्या सोहागकडच्या त्यांच्या गावात शेख दाहींनी सांगून ठेवलं होतं, की आपला पोरगा, नागी, शहरात इंजिनिअर होतोय. खरं तर पोरगा अडखळणाऱ्यांना बोलतं करायचं शास्त्र शिकत होता. सगळा वर्ग मुलींचा, त्यात हा एकटा. असलं बायकी शिक्षण चारचौघांत सांगायचं कसं?

मग शेखांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि उरुसाउरुसांत प्रेषितांची स्तुती गाणारी जीभ एका ‘हो’वर येऊन थांबली. पाणी हवं तरी ‘हो’, नको तरी ‘हो’. पोराची खरी ओळख आता आपल्या तोंडून कधी निघायचीच नाही, हे शेखांना आतून खाऊ लागलं.

नागी धावत आला. शेजारचे हाजी उवैस खाटेशीच होते.

“या इंजिनिअरसाहेब! बापाची मशीन अडलीय, पाना आणलाय ना?”

शेखांनी मान खाली घातली.

“आणलाय, काका,” नागी शांतपणे म्हणाला. त्यानं बापाचा डावा हात घेऊन त्यावर ठेका धरला आणि बाप गायचा त्यातलीच एक स्तुती गुणगुणू लागला. “तुम्हीपण गुणगुणा, बाबा.”

देवाची करणी बघा! दुसऱ्या ओळीला शेखांच्या गळ्यातून अख्खे शब्द बाहेर पडले.

“बोलण्याची वाट बुजली तरी गाण्याची कधीकधी उघडी राहते,” नागी म्हणाला.

मग रोज त्याच चालीवर नवे शब्द बसू लागले: पाणी दे, खिडकी लाव.

“दाही, चहा मागायलाही मैफल का रे?” उवैस चिडवायचे.

एका शुक्रवारी नमाजानंतर अंगणात मंडळी जमली. उवैस कौतुकानं म्हणाले, “इंजिनिअर असून पोरानं बघा कसली बायकांची कामं केली! बापासाठी हो.”

शेखांचा डावा हात मांडीवर ठेका देऊ लागला. चाल जुनी होती, शब्द मात्र कुणी शिकवलेले नव्हते.

“इंजिनिअर नाही... माझा नागी... मुक्यांना बोलतं करतो... हेच शिकला... माझा नागी...”



“या अल्ला!” उवैसांनी कपाळावर हात मारला. “मग माझ्या गच्चीचा नकाशा कोण काढणार?” सगळे खो खो हसले. हसू ओसरल्यावर उवैस नागीकडे सरकले. “बाळा, माझा नातू फार अडखळतो रे. उद्या आणू?”

“आत्ताच आणा की, काका.”

शेखांना आभार मानायचे होते, देवाचे आणि पोराचेही. चाल सापडेना. त्यांनी नागीचा हात ओढून ओठांना लावला.

“बाबा, हे काय! तुमचा हात मी चुंबायचा!”

पण शेख हात सोडेनात.