राहीबाईचा तांब्या

राहीबाईच्या घरात बिनतेलाची वस्तू टिकत नसे. मोटेचं चामडं, चाबकाची वादी, जात्याचा खुंटा, सगळ्याला तिचा हात फिरायचाच. त्र्याहत्तर साली, ऐन दुष्काळात, करडईचं तेल बरणीत दोन बोटं उरलं होतं, तेही तिनं लेकीच्या डोक्यासाठी राखून ठेवलेलं. पण विजयमाला पुण्याहून आली ती डोक्याला तेल लावून, चापूनचोपून वेणी घालूनच. व्हायोलिनची पेटी ओट्यावर उघडी टाकली आणि देवीला नारळ फोडायला गेली.

राहीबाईनं पेटीत डोकावून पाहिलं. वाजवायच्या गजाचे घोड्याचे केस अगदी कोरडेठाक! बोट लावलं तर वर पांढरी भुकटी. "रेडिओवर वाजिवती, आन हत्याराची ही दशा," असं पुटपुटत तिनं भुकटी पदरानं पुसून काढली आणि होतं नव्हतं ते तेल मायेनं केसांना चोळलं. मग मोठं पुण्य केल्याच्या समाधानानं पेटी लावून ठेवली.

आता ही लेक काय चीज होती, ते सांगायलाच हवं. नाटक कंपनीतून म्हातारपणी पारनेरला परतलेल्या सहादेव मास्तरांकडे ती नऊ वर्षांची असताना रोज तीन मैल चालत जायची. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनची मान पायाच्या घोट्यावर टेकवायची आणि एकेक सूर घासायचा. दोन वर्षं मास्तरांनी तिला एकही गाणं वाजवू दिलं नाही, आणि पोरीनं ते मागितलंही नाही. पुढं पुण्यात एका गवईबुवांकडे दहा वर्षं काढली. आधी गाणाऱ्यांच्या मागे बसून साथ केली, मग एकटीनं वाजवायला लागली. गेल्या साली दिल्लीच्या सभेत लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. अशी पोर शंभर गावांत एक निघत नाही, आणि ज्या गावात निघाली त्या गावाला त्याचं काय होतं? काही नाही! शेजारची दगडाबाई बारा वर्षं एकच ऐकवत होती, "तुझी पोरगी फडावर बसती म्हनं." आणि राहीबाई बारा वर्षं एकच उत्तर देत होती, "फड न्हवं, बैठक."

यंदा दुष्काळापायी जत्रेचा तमाशा रद्द झाला. सरपंच काकासाहेबांनी विजयमालाला निरोप धाडला, गावासाठी दोन तास वाजव. राहीबाईनं त्या दिवसापासून दिवस मोजले होते. एकदा गावानं कानांनी ऐकलं, की बारा वर्षांची बोलणी फिटणार होती.

त्याच दिवशी दुपारी चारला, कार्यक्रमाआधी, विजयमालानं गज तारेवर ओढला. आवाजच नाही. शेवाळावरून पाय सटकावा तसा गज सटकला.

"आये, याला हात कुणी लावला?"

"म्या. तेल लावलं. लई वाळलं हुतं."

पुण्याहून तिच्यासोबत तबल्याच्या साथीला आलेल्या राधाकृष्णनं कपाळावर हात मारला. विजयमालाचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. "आये, ती भुकटी राळेची होती. केस कोरडे असतात म्हणून तारेला धरतात, म्हणून वाजतं."

दुसरा गज पुण्यात दुरुस्तीला टाकलेला. साबणानं धुवावं तर वाळायला रात्र होणार. दवाखान्यातलं स्पिरिट चालतं, पण पारनेरचा दवाखाना जत्रेच्या सुट्टीनं बंद. शेवटी राधाकृष्ण चाचरत म्हणाला, "पहिल्या धारेची हातभट्टी मिळाली तरी भागेल. मी आणतो."

"तुमी पँटवालं. तुमाला पोलिस समजून त्यो भट्टीवाला पळंल," राहीबाई म्हणाली आणि तांब्या घेऊन स्वतःच निघाली.

यात गोम अशी होती, की राहीबाई माळकरीण. मागच्याच श्रावणात चाळीस बायका घेऊन तिनं गहिनीनाथची भट्टी फोडली होती. तिला येताना पाहून तो पठ्ठ्या कडब्याच्या गंजीमागं दडला.

"भाईर ये. फोडाया न्हाई आले, घ्याया आलीया. पैल्या धारेची दे."

गहिनीनाथ डोळे चोळत बाहेर आला. "वयनी, माळ काढून ठिवली व्हय?"

"माळ हाय तिथंच हाय. तू भर."

परत येताना पाण्याच्या टँकरपाशी सगळं गाव रांगेत उभं. तांब्यावर पदर होता, पण वासाला कुठून पदर घालणार? दगडाबाईनं नाक फेंदारलं आणि ती मागच्या बाईच्या कानाला लागली, तेव्हाच राहीबाई समजली. तासाभरात घरोघरी बातमी पोचली: वाजवणारीन प्याल्याशिवाय वाजवत न्हाई, आन आईच आणून देती.

विजयमालानं केस लाकडापासून सोडवले, त्या दारूत तीनदा खळबळून धुतले, वाऱ्यावर वाळवले आणि राळ घासली. दिवेलागणीला गज पुन्हा बोलायला लागला. पण मारुतीच्या पारासमोर वेगळंच चाललं होतं. विजयमाला येऊन बसली आणि बायका कुजबुजत उठू लागल्या. दगडाबाई सर्वांत पुढं. काकासाहेब मान खाली घालून चपला शोधत होते.

राहीबाईला दोनच वाटा होत्या. गप्प बसावं, तर लेकीच्या नावाला बट्टा. बोलावं, तर साऱ्या गावात आपलं हसं, आणि राहीबाईला हसं करून घ्यायची सवय नव्हती. ती पारावर चढली.

"बसा समदी! दारू म्या आनली, पर प्याया न्हाई. माझी लेक वीस वरसं ह्या गजाला जपती, आन म्या अडान्यानं त्येला करडीचं त्याल चोळलं. त्ये धुवाया दारू लागली. चूक माजी हाय. हसायचं त्ये मला हसा, आन मग गप ऐका."

क्षणभर कुणाला उमगेना. मग मागून गहिनीनाथ खो खो हसला, त्याच्यामागं अख्खं गाव. दगडाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून खाली बसली. राहीबाईचे कान तापले, पण ती उभी राहिली तशीच राहिली, हसू ओसरेपर्यंत.

मग विजयमालानं सुरुवात केली. इतकी सावकाश, की कुणीतरी विचारलं, "अजून जुळवतीच हाय व्हय?" तोवर एक सूर असा लांबला की माणसं तो संपायची वाट बघत श्वास धरून बसली, आणि तो संपलाच नाही, दुसऱ्यात मिसळून गेला. राहीबाईला रागातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आपल्या पोरीचा हात तिला दिसत होता. खांद्यापासून बोटापर्यंत कुठं घाई नाही, कुठं दिखावा नाही. देवा, किती शिकली ही, आणि आपल्याला किती थोडं ठाऊक होतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. ते तिनं लपवलं नाही.

दोन तासांनी तबला थांबला. टाळ्या वाजवायच्या असतात हे गावाला सुचलंच नाही. उठलंही कुणी नाही. विजयमाला गज पेटीत ठेवू लागली, तशी दगडाबाई सरकत राहीबाईजवळ आली.

"राहे, सांग की तुझ्या पोरीला. अजून वाजीव म्हनावं."

बारा वर्षं लेकीच्या वतीनं गावाला उत्तर देणारी राहीबाई या वेळी जागची हलली नाही.

"तूच सांग," ती म्हणाली.

दगडाबाई घुटमळली. मग गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली आणि भर सभेत ओरडली, "विजे, आमी उठत न्हाई गं! उजाडस्तवर वाजीव!"