स्वच्छ तळवे

सांगतो, पण यावर विश्वास कुणी ठेवणार नाही. भेटीच्या वेळेची वाट बघत वॉर्डाबाहेरच्या या बाकांवर मी भल्याभल्यांच्या गळी थापा उतरवल्या आहेत. ही गोष्ट मात्र डोळ्यांदेखतची. गेल्या वर्षी माझी बायको आत होती. तिच्या शेजारच्या खाटेवर एका मोठ्या घरच्या सासूबाई. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन चोख झालेलं.

त्या घराची रीत अशी, की आजारी वडीलधाऱ्याचा पाय जमिनीला लागला तर सुनांची सेवा पाण्यात गेली. बाईंच्या मुली, म्हणजे सुनांच्या नणंदा, भेटायला आल्या की आधी चादर उचलून आईचे तळवे बघत, मग तब्येत विचारत. तळव्याला धूळ दिसली की सुनांचा उद्धार ठरलेला. म्हणून धाकटी सून सकाळ-संध्याकाळ ओल्या फडक्यानं तळवे पुसायची. सासूबाईंच्या चपला तर पहिल्याच दिवशी घरी गेल्या. बाई इतक्या पडून राहिल्या, की गादीत त्यांचा साचा उमटला आणि खाटेच्या पायांना मुळं फुटली. हसू नका, मी चाचपून पाहिली आहेत.

फिजिओथेरपीवाल्या बाई रोज यायच्या. त्यांनी थोरल्या मुलाला परोपरीनं समजावलं, की पडून राहिलं की पायात रक्त गोठतं, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात; ऑपरेशन केलं ते चालावं म्हणूनच ना? त्याचं उत्तर ठरलेलं. आई आम्हाला इतकी जड झालेली नाही, की तिनं स्वतः चालावं.

मग सासूबाईंना खोकला लागला. दोन शब्द बोलल्या तरी धाप लागायची. तेव्हा फिजिओवाल्या बाईंनी आवाज खाली आणून सांगितलं, की आता एकेक दिवस महत्त्वाचा आहे, आजच उठवा.

नेमक्या त्याच संध्याकाळी सगळ्या नणंदा हजर. खाटेभोवती कडं करून बसलेल्या. सासूबाईंनी एकेकीचं तोंड न्याहाळलं, चादर बाजूला सारली आणि एक पाय खाली सोडला. थोरला चटकन पुढे झाला.

"आई, वर घे पाय. लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, जरा सरका," सासूबाई म्हणाल्या. "धाकटे, हात दे गं."

आणि धाकटीनं दिला की! नणंदांच्या नाकावर टिच्चून दिला. सासूबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, जिन्यापर्यंत गेल्या. त्यांच्यामागे माझी बायको, तिच्यामागे अख्खा वॉर्ड, सलाइनच्या बाटल्या उंच धरून, आणि सगळ्यात पुढे...

"खोटं आहे, काका."

बाकाच्या टोकाला बसलेली बाई उठली होती. चेहरा वळवला तेव्हा कुठे मी ओळखलं. धाकटी सून.

"त्यांनी हात मागितला, इथवर खरं. मी दिला नाही. सगळ्या बघत होत्या, म्हणून मी उगाच पाण्याचा ग्लास भरत बसले. त्यांनी पाय वर घेतला. आठवड्यातच गेल्या." तिनं पदर खोचला. "आता सासरे आत आहेत. नणंदा येऊन बसल्यात. बाजूला व्हा, मला सासऱ्यांना उभं करायचंय."